नववा दिवस

कार्लोच्या काचघरात, मार्चमध्ये,
आम्ही गव्हाच्या रोपांवर पाणी फवारलं
आणि त्या पाण्यात ती होती. सेप्टोरिया.
मग वरून प्लास्टिकच्या पिशव्या, तीन दिवस,
बाळंतिणीच्या खोलीसारखा उबदार दमटपणा.

पानाला दारं असतात, श्वासापुरती.
ती मोडावी लागत नाहीत.
उघडं दिसेल त्या दारातून ती आत शिरते,
पेशींच्या मधल्या बोळांतून सरकते
आणि गप्प बसते.

रोज सकाळी सहाला मी एक पान कापायची,
नायट्रोजनच्या थंड वाफेत बुडवायची,
पापडासारखं कडक व्हायचं ते.
मग खलबत्ता.
त्या पुडीतून आम्ही शोधायचो
तिच्यातलं आज काय वाचलं जातंय.
लिहिलेलं कायम तेच,
अकरा-बारा हजार जनुकं, काना-मात्रेचाही फरक नाही.
वाचणारा मात्र रोज वेगळं पान काढतो.

पहिला दिवस: घरून आणलेल्या शिदोरीवर, स्वतःच्याच चरबीवर गुजराण.
तिसरा: एक लहानसं प्रथिन, रात्रंदिवस, ढिगाने.
त्याचं काम एवढंच
की तिच्या अंगावरून सांडलेले कण झाकायचे,
गव्हाला कुणकुण लागू नये.
पाचवा. सहावा. सातवा.
ताकास तूर नाही.
पानं हिरवीगार, कॅलेंडरवर छापावीत अशी.
मॅलकी म्हणाला, तुमची लागण फसलेली दिसते.

मॅलकी दिवे बघायचा.
सोळा तास उजेड, आठ तास अंधार,
घड्याळ त्यानेच बसवलेलं.
जिथे काही ठेवू नये असं लिहिलंय
नेमका तिथे चहाचा मग ठेवायचा.

आठव्या रात्री तो झोपेतच गेला.

नवव्या दिवशी आम्ही सगळे बॅगनल्सटाउनला, त्याच्या घरी.
बैठकीत पेटी उघडी,
नोरीनचा चहा, सँडविच, पुन्हा चहा.
लोक त्याच्या गोष्टी सांगून हसत होते, मग गप्प होत होते.
किती छान दिसतोय, कुणी म्हणालं,
आत्ता उठेल असा.
मी वाकून पाहिलं.
दिसत होता.

पान कापायचं राहिलं हे आठवलं तेव्हा
रात्रीचे अकरा वाजले होते.

दहाव्या सकाळी
पान अजून हिरवंच,
पण पुडीत गोंगाट.
हजारो जनुकं एकदम बोलू लागलेली:
भिंती विरघळवणारी, प्रथिनं कुरतडणारी,
गळेल ते ओढून घेणारी.
झाकपाक करणारं ते लहान प्रथिन ओसरलेलं.
आता लपायचं कुणापासून?
आणि पेशी मरतात त्या गव्हाच्याच हातून.
शत्रू दिसला की स्वतःचं घर पेटवायचं
हा त्याचा जुना शहाणपणा.
तिला पेटलेलं घरच हवं होतं.

पुढचं कुणालाही दिसलं असतं.
पिवळा डाग, राखाडी पट्टा,
आणि एकविसाव्या दिवशी काळे ठिपके,
श्वासाच्या त्याच दारांत,
पावसाचा थेंब उडून वरच्या पानावर नेईल
म्हणून थांबलेले.
आयर्लंडमध्ये फार थांबावं लागत नाही.

डॉक्टर टायर्ननांनी आलेख पडद्यावर लावला.
आठवर सपाट. दहावर कडा.
मध्ये काही नाही.
तुटक रेघ देऊ का, ब्रोनाने विचारलं.
नको, मी म्हणाले. जरा मोठ्यानेच.
मग बाकीचे सगळे खिडकीबाहेर बघू लागले.

मे महिन्यात पुन्हा लागण केली.
आज नववा.
मी साडेपाचलाच आलेय,
कात्री, चिमटा, ट्यूबवर आधीच चिकटवलेली तारीख.
सहा वाजले.
दिवे लागले नाहीत.
मॅलकीचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे,
ते अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही,
मीही सांगितलेलं नाही.
दिवसभर झाकलेल्या या कोपऱ्यात उजेड फक्त त्याच्याच घड्याळाने येतो.
चार मिनिटं मी अंधारात उभी आहे,
हाताला लागतंय ते पान
गार आहे, गुळगुळीत,
काहीच झालं नसल्यासारखं.